संततिनियमन : निर्धोक साधन कोणते?

कर्नाळ्याची खिंड ओलांडून कोकणात उतरणारा रस्ता पुढे दापोलीकडेही नेतो. त्या तालुक्यातील मुरुड हे महर्षी कर्व्यांचे गाव. त्यांच्या प्रथम पत्नी राधाबाई 1891 साली बाळंतपणात वारल्या; चिरंजीव रघुनाथ तेव्हा नऊ वर्षांचे होते. याच रघुनाथरावांनी 1921 साली मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले आणि 1927 पासून 1953 साली मृत्यू येईपर्यंत 'समाजस्वास्थ्य' मासिक चालविले. प्राध्यापकाची नोकरी गेली, खटले झाले, दंडही भरावा लागला. पण कार्य सुटले नाही.

साधन धोक्याचे आहे काय, असे विचारताना आपण एक गोष्ट विसरतो. साधन न वापरणे हेही निर्धोक नसते. प्रत्येक साधनाची तुलना प्रथम बाळंतपणाच्या धोक्याशी केली पाहिजे.

निरोध प्रकृतीस जवळजवळ निरुपद्रवी, शिवाय रोगांपासूनही रक्षण करणारा. मात्र हयगय झाली की फसतो. गोळी नेमाने घेतल्यास खात्रीची. परंतु रक्तदाब असलेल्या, अथवा पस्तिशी उलटून धूम्रपान करणाऱ्या स्त्रीने ती वैद्यकीय सल्ल्यावाचून घेऊ नये, कारण रक्ताची गुठळी होण्याचे भय असते. तांबी अनेक वर्षे टिकते व काढताही येते; काहींना पाळीत रक्तस्राव अधिक होतो. शस्त्रक्रियांत पुरुषाची नसबंदी अधिक सोपी. तीत पोट उघडावे लागत नाही; फक्त पुढे सुमारे तीन महिने दुसरे साधन वापरावे लागते.

मग सोपी शस्त्रक्रिया मागे का पडली? याचे उत्तर इतिहासात आहे. 1965 साली सरकारने लूप आणला. पण स्त्रियांना आधी नीट सांगणे आणि नंतर विचारपूस करणे यांत उणीव राहिली व भीती पसरली. आणीबाणीत 1976-77 या एका वर्षात देशात ऐंशी लाखांहून अधिक नसबंद्या झाल्या, त्यांत सक्तीही झाली. सक्तीच्या नसबंदीचे विधेयक आपल्या विधिमंडळाने 1976 साली संमतही केले होते. राष्ट्रपतींची संमती न मिळाल्याने ते अमलात आले नाही. परंतु पुरुष बिचकले ते बिचकलेच, आणि त्यानंतर शस्त्रक्रियेचा भार मुख्यतः स्त्रियांवर पडला.

यावरून आम्हांस असे वाटते की, साधनाची सुरक्षितता केवळ औषधात वा शस्त्रात नसते. ज्याच्या देहावर प्रयोग होणार, त्याला सर्व गुणदोष सांगून त्याची संमती घेणे हा तिचाच भाग होय. रघुनाथराव जन्मभर लोकांना समजावीत राहिले, ते यासाठीच.