विमानाचे पाय

विमानविद्येचा इतिहास लिहिणारे बहुधा पंखांविषयी आणि इंजिनांविषयी लिहितात. पायांचा उल्लेख ओघात येतो, आणि तोही बहुधा अपघाताच्या प्रसंगी. वस्तुतः उड्डाणाची सुखरूप सांगता ज्यांच्यावर अवलंबून असते ते विमानाचे पायच होत. कारखान्यांत त्यांना ‘लँडिंग गिअर’ म्हणतात. आकाशात ते केवळ ओझे असतात; जमिनीला टेकण्याच्या क्षणी मात्र विमानाचा सारा आघात त्यांनाच सोसावा लागतो. पाय बळकट हवेत आणि तरीही हलके हवेत, या पेचातून ही विद्या वाढत गेली.

१७ डिसेंबर १९०३ रोजी राइट बंधूंचे जे विमान उडाले, त्याला चाके नव्हती. लाकडी रुळावरून ते सुटले आणि घसरपट्ट्यांवर वाळूत उतरले. २५ जुलै १९०९ रोजी ब्लेरिओने इंग्लिश खाडी ओलांडली. त्याच्या विमानाला चाके होती, धक्का झेलण्यासाठी रबरी दोर होते. तरी डोव्हरला उतरताना पायांची मोडतोड झालीच. रबर काय किंवा पोलादी स्प्रिंग काय, दोहोंचा दोष एकच. घेतलेला धक्का ती परत करतात आणि विमान चेंडूसारखे उसळते.

यावर उपाय निघाला तो तेल आणि वायू यांच्या जोडीचा. एका नळीत दुसरी नळी सरकते. चाक भुईला लागताच आतील तेल बारीक छिद्रातून जोराने ढकलले जाते आणि आघाताची बरीच ऊर्जा उष्णतेच्या रूपाने विरून जाते. नळीत कोंडलेला वायू विमानाचा भार तोलून धरतो. हा वायू नायट्रोजन असतो, कारण मोठ्या दाबाखाली हवेच्या सान्निध्यात तेल पेट घेण्याचे भय असते. आजही बहुतेक मोठी विमाने याच तत्त्वावर उभी आहेत.

हा स्वतंत्र उद्योग होऊ शकतो हे ओळखणाऱ्यांत इंग्लंडचे जॉर्ज डाउटी अग्रगण्य होत. चाकाच्या पोटातच स्प्रिंग बसवण्याची त्यांची कल्पना होती. १९३१ साली नोकरी सोडून त्यांनी चेल्टनहॅम गावी एका माळ्यावर कारखाना थाटला. पहिली मागणी आली ती जपानच्या कावासाकी कंपनीकडून, अवघ्या सहा चाकांची! त्या माळ्यातून पुढे जगद्विख्यात उद्योग उभा राहिला.

पायांची परीक्षा मोठी कठोर असते. प्रवासी विमानाच्या पायांनी सेकंदाला १० फूट वेगाने येणारा आघात निर्धोक झेलला पाहिजे आणि १२ फूट वेगालाही ते कोसळता कामा नयेत, असा नियम आहे. हा फरक दिसतो तितका लहान नाही. आघाताची ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. म्हणून १२ फुटांना ती ४४ टक्के अधिक होते. चाचणीसाठी पाय मनोऱ्यात टांगून त्यावर वजन लादतात, चाक आधीच उलट दिशेने फिरते ठेवतात आणि सुमारे दीड फुटावरून सोडून देतात. ती दीड फुटांची उडी १० फूट वेगाच्या आघाताबरोबर असते.

घडणही तितकीच नाजूक. अतिबळकट पोलादाचा ठोकळा घडवून, कातून, तापवून पाय तयार होतो. गंज लागू नये म्हणून त्यावर मुलामा देतात; पण त्या क्रियेत हायड्रोजन पोलादात शिरला तर पाय पुढे कधीतरी पूर्वसूचनेवाचून तडकतो. म्हणून मुलाम्यानंतर तो भट्टीत कित्येक तास तापवून हायड्रोजन बाहेर काढावा लागतो.

भारतात विमानाचा कारखाना आणला तो सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी, डिसेंबर १९४० मध्ये बंगळुरास, म्हैसूर संस्थानच्या साहाय्याने. पुढे त्याचाच हिंदुस्थान एरोनॉटिक्स झाला आणि पायांची निर्मिती लखनौच्या विभागात होऊ लागली. चेन्नईनजीक आवडी येथील रणगाड्यांच्या संशोधनसंस्थेने तर ‘तापस’ या वैमानिकरहित विमानासाठी आत ओढले जाणारे पाय तयार केले.

परंतु खरी कसोटी लागली ती नौदलाच्या ‘तेजस’ विमानात. हवाई दलाच्या ‘तेजस’ने ४ जानेवारी २००१ रोजी प्रथम उड्डाण केले, नौदलाचे रूप २७ एप्रिल २०१२ रोजी उडाले. जहाजावर उतरताना वैमानिकाला विमान हळुवार टेकवता येत नाही. खाली येण्याचा वेग सुमारे दुप्पट असतो, म्हणजे ऊर्जा चौपट. पाय बळकट केले, मग ते जेथे जोडले जातात तो सांगाडाही बळकट करावा लागला आणि वजन वाढले. डिसेंबर २०१६ मध्ये नौदलप्रमुखांनी हे विमान जहाजासाठी जड असल्याचे जाहीर केले.

तेथेच काम थांबते तर नवल नव्हते. पण चाचण्या चालू राहिल्या. १३ सप्टेंबर २०१९ रोजी गोव्यातील ‘हंसा’ तळावर दोरात अडकून थांबण्याची चाचणी यशस्वी झाली. ११ जानेवारी २०२० रोजी कमोडोर जयदीप मावळणकर यांनी हे विमान ‘विक्रमादित्य’ जहाजावर उतरवले, आणि ६ फेब्रुवारी २०२३ रोजी ते स्वदेशी ‘विक्रांत’वरही उतरले. ते विमान नौदलात दाखल झाले नाही. परंतु त्याच अनुभवाच्या आधारावर दोन इंजिनांच्या नव्या विमानाचे काम हाती घेण्यात आले.

बंगळूर, लखनौ, चेन्नई ही पोटापाण्यासाठी घर सोडून आलेल्या मराठी कुटुंबांचीही शहरे आहेत. तेथील कारखान्यांत पाय घडवणाऱ्यांची नावे इतिहासात येत नाहीत. विमान सुखरूप टेकले आणि प्रवाशांना काही जाणवलेही नाही, की त्यांचे काम झाले.