शिबिराजाचे डोळे आणि सर्फोजीराजांचे कागद

पाहुणे घरी आले की त्यांना वेरूळ-अजिंठा दाखवून आणणे, हे आपल्या शहरात प्रत्येक गृहस्थाचे कर्तव्यच होऊन बसले आहे. त्यामुळे अजिंठ्याचे सतरावे लेणे येथे जमलेल्या बहुतेकांनी पाहिलेले असणार. वाकाटक सम्राट हरिषेणाच्या काळात, म्हणजे इसवी सनाच्या पाचव्या शतकात, कोरलेल्या त्या लेण्याच्या भिंतीवर शिबिराजाची कथा रंगविलेली आहे. कबुतराचा जीव वाचविण्यासाठी आपले मांस कापून देणारा शिबी आपणांस महाभारतामुळे ठाऊक आहे. या लेण्यातील शिबी मात्र दुसऱ्या जातकातला. त्याने दान केले ते मांसाचे नव्हे, डोळ्यांचे.

पाली जातकात ही कथा विस्ताराने आली आहे. इंद्र आंधळ्या ब्राह्मणाचे रूप घेऊन राजाच्या दारी येतो आणि एक डोळा मागतो. राजा दोन्ही देऊ करतो. प्रधान रडतात, प्रजा विनवते. राजा ऐकत नाही. तो सीवक नावाच्या आपल्या वैद्यास बोलावतो. या वैद्याचे वागणे लक्ष देऊन पाहण्यासारखे आहे. राजाच्या डोळ्यावर तो शस्त्र चालवीत नाही. औषधांची पूड वापरतो. पूड एकदा लावतो आणि थांबतो. महाराज, अजून विचार करा, अजून डोळा पूर्ववत करता येईल, असे सुचवितो. राजा म्हणतो, चालू द्या. पुन्हा पूड, पुन्हा वेदना आणि पुन्हा तोच प्रश्न. रोग्याची संमती घेतल्यावाचून पुढे जाऊ नये, हा आजच्या वैद्यकाचा नियम कथाकाराला कोणी शिकविलेला नव्हता. पण त्याच्या मनातला चांगला वैद्य असाच वागणारा होता.

येथे एक सावधगिरीची सूचना देणे भाग आहे. अशी कथा सापडली की आपल्यातील काहीजण लगेच म्हणू लागतात, पाहा, नेत्ररोपण आमच्याकडे दीड-दोन हजार वर्षांपूर्वीच होते! तसे ते नव्हते. एकाचा डोळा काढून दुसऱ्याच्या खोबणीत बसविणे आणि त्याला दिसू लागणे ही गोष्ट आजच्याही शल्यवैद्यास साधलेली नाही. साधले आहे ते डोळ्यापुढील पारदर्शक पटलाचे रोपण; आणि ते प्रथम यशस्वी झाले १९०५ साली, मध्य युरोपातील ओलोमौत्स गावी, एडुआर्ड त्सिर्म या डॉक्टरांच्या हातून. अजिंठ्याचे चित्र हा शस्त्रक्रियेचा पुरावा नव्हे. तो इच्छेचा पुरावा आहे. आपले डोळे दुसऱ्याच्या उपयोगी पडावेत, ही कल्पना हात तेथवर पोचण्यापूर्वी कितीतरी शतके मनाला सुचली होती, एवढेच त्यातून म्हणता येईल. आणि तेवढे थोडे नाही.

मग हात कोठवर पोचला होता? याचे उत्तर सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात आहे. तेथे डोळ्यांचे शहात्तर रोग सांगितले आहेत. आपल्या बोलण्यातील काही शब्दांची मुळेही त्याच परंपरेत सापडतात. तिमिर, काच आणि लिंगनाश या दृष्टी मंदावत जाऊन लोपण्याच्या पायऱ्या होत. त्यातला 'काच' आपल्या काचबिंदूत अजून टिकून आहे, जरी आज आपण तो शब्द अगदी निराळ्या रोगासाठी वापरतो. उलट 'चाळिशी' हा शब्द मराठीने स्वतःच्या अनुभवावरून घडविला. चाळिसाव्या वर्षाच्या आसपास डोळ्यातील भिंग ताठर होऊ लागते, जवळचे अक्षर दिसेनासे होते आणि माणूस पोथी लांब धरू लागतो. शरीरशास्त्राची ही गोष्ट भाषेने नेमकी टिपली आणि चष्म्यालाच त्या वयाचे नाव देऊन टाकले.

सुश्रुताने सांगितलेली लिंगनाशाची शस्त्रक्रिया पाहा. फार थंडी नाही, फार ऊन नाही, असा दिवस निवडावा. रोग्यास बसवून स्वतःच्या नाकाकडे पाहावयास सांगावे. बुबुळाच्या बाहेर, कानशिलाकडील बाजूस, पांढऱ्या भागात, शिरा चुकवून, जवाच्या दाण्यासारख्या टोकाच्या शलाकेने वेध करावा. उजवा डोळा डाव्या हाताने आणि डावा उजव्या हाताने. वेध बरोबर झाला तर बारीक आवाज होतो आणि पाण्याचा थेंब येतो. मग डोळ्यावर स्त्रीचे दूध शिंपडावे, शलाकेच्या टोकाने आतले आवरण खरवडून दूर करावे आणि रोग्यास पदार्थ दिसू लागताच शलाका हलकेच काढून घ्यावी. वर तूप लावून पट्टी बांधावी. रोग्याने उताणे पडून राहावे. खोकू नये, शिंकू नये, ढेकर देऊ नये. दर तीन दिवसांनी डोळा धुवावा आणि दहा दिवस पथ्य पाळावे. शस्त्रक्रिया बिघडली तर काय काय होते, हेही ग्रंथकार लपवीत नाही.

ज्याने हे लिहिले त्याने शलाका हाती धरली होती, याविषयी वाचणाऱ्यास शंका उरत नाही. परंतु या क्रियेत नेमके काय होत होते, हे मात्र त्याला कळलेले नव्हते. त्याच्या मते कफामुळे दृष्टीवर आलेले आवरण दूर होत होते. प्रत्यक्षात गढूळ झालेले भिंगच मागे, डोळ्याच्या पोकळीत, ढकलले जात होते. वाट मोकळी होई आणि उजेड आत येई. पण भिंग गेल्यामुळे प्रतिमा स्पष्ट उमटत नसे. गंमत अशी की सुश्रुताने डोळ्यातील 'दृष्टी' मसुराच्या डाळीएवढी सांगितली आहे आणि युरोपातील 'लेन्स' हा शब्दही लॅटिन भाषेत मसुराचेच नाव आहे.

भिंगाचे काम कळण्यासाठी आधी 'दिसते कसे' हे कळावे लागते. आपल्याकडे यावर मोठे वाद झाले. नैयायिक म्हणत की डोळ्यातून तेजाचे किरण निघतात आणि वस्तूला जाऊन भिडतात. बौद्ध आचार्य म्हणत की डोळा वस्तूला न भिडताच पाहतो. भिडूनच दिसत असते तर पापणीतले काजळ आधी दिसावयास हवे होते. तर्क सुरेख होता. पण वादाचा निकाल वादानेच लावण्याचा प्रयत्न झाला. अकराव्या शतकाच्या आरंभी कैरोत इब्न अल्-हैथम याने अंधाऱ्या खोलीत, छिद्रातून येणाऱ्या उजेडावर प्रयोग करून प्रकाश वस्तूकडून डोळ्याकडे येतो हे दाखविले. १६०४ साली केप्लरने प्रतिमा भिंगावर नव्हे, मागच्या पडद्यावर उमटते हे सांगितले. अठराव्या शतकाच्या प्रारंभी मोतीबिंदू म्हणजे गढूळ झालेले भिंगच, हे युरोपात प्रेतांच्या तपासणीवरून ठरले. एवढे झाल्यावर, १७४७ साली, जाक दाव्हिएल या फ्रेंच शल्यवैद्याने भिंग ढकलण्याऐवजी ते डोळ्याबाहेर काढले.

आता आपल्या इतिहासातील दुखऱ्या जागेकडे येऊ. सुश्रुताची क्रिया आपल्याकडे मेली नाही. ती विसाव्या शतकापर्यंत चालू राहिली. पण ग्रंथ आणि हात यांची फारकत झाली. ग्रंथ पंडितांच्या घरी राहिला आणि शलाका गावोगाव फिरणाऱ्या माणसांच्या हाती गेली. त्यांचे कौशल्य बापाकडून मुलाकडे येई. सुई न धुतलेली, पथ्याचे दहा दिवस बहुधा विसरलेले. वैदू गावात येई, झाडाखाली म्हाताऱ्याला बसवी, सुई टोची आणि पुढे बोटे नाचवून विचारी, किती? म्हातारा सांगे, तीन! सारा गाव थक्क होई. वैदू पैसे व धान्य घेऊन पुढच्या गावी निघून जाई. पाचव्या-सहाव्या दिवशी डोळा सुजून पू झाला किंवा वर्षा-दोन वर्षांत आतला दाब वाढून डोळा कायमचा गेला, तरी ते पाहावयास वैदू तेथे नसे.

मद्रासच्या सरकारी नेत्ररुग्णालयाचे प्रमुख रॉबर्ट हेन्री एलियट यांनी या भारतीय शस्त्रक्रियेवर १९१७ साली एक पुस्तकच प्रसिद्ध केले. असे बिघडलेले डोळे त्यांनी शेकड्यांनी तपासले होते आणि त्यांचा निष्कर्ष फार कडक आहे. तो बराचसा खराही आहे. पण इतिहासाच्या अभ्यासकाने एक प्रश्न विचारलाच पाहिजे: रुग्णालयाची पायरी चढत होते कोण? ज्याचा डोळा बिघडला तो. ज्याला बरे दिसू लागले तो आपल्या शेतावर काम करीत होता. तो मद्रासला कशाला येईल? म्हणजे वैदूने पाहिला फक्त पहिला दिवस आणि साहेबाने पाहिला बहुतांशी फसलेला रोगी. दोघांनीही अर्धेच पाहिले. पूर्ण पाहावयाचे तर एकच उपाय होता: प्रत्येक रोग्याची नोंद ठेवणे, आधीची आणि नंतरचीही, यशाची आणि अपयशाचीही.

ही गोष्ट एलियटसाहेबांच्याही कितीतरी आधी एका मराठी राजाच्या दरबारी सुरू झाली होती. आपल्या वेरूळच्या गढीशी त्याचे नाते आहे. वेरूळचे मालोजी भोसले, त्यांचे पुत्र शहाजीराजे आणि शहाजींचे पुत्र व्यंकोजी. या व्यंकोजींनी तंजावरास भोसल्यांची गादी स्थापिली. त्या गादीवर १७९८ ते १८३२ पर्यंत दुसरे सर्फोजीराजे होते. १७९९ च्या तहाने राज्याचा कारभार कंपनी सरकारकडे गेला. राजांच्या सत्तेखाली उरला तो तंजावरचा किल्ला आणि थोडा आसपास. दुसरा एखादा राजा अशा वेळी शिकार आणि नाच-गाणे यांत रमला असता. सर्फोजीराजांनी सरस्वती महालाचे ग्रंथालय समृद्ध केले आणि धन्वंतरी महाल उभारून तेथे देशी औषधांबरोबर युरोपीय वैद्यकाचाही अभ्यास चालविला.

सरस्वती महालात त्यांच्या काळचे नेत्ररोग्यांचे चाळिसांहून अधिक नोंदीचे कागद जपून राहिले आहेत. रोगी कोण, तक्रार कोणती, उपचार काय केला, हे त्यांत लिहिलेले आहे. काहींसोबत त्या रोग्याच्या डोळ्याचे रंगीत चित्रही आहे. बुबुळावरचे फूल, पांढरी पडलेली बाहुली, लाल झालेल्या शिरा, जशा दिसल्या तशा. राजे स्वतः शस्त्र धरीत, असेही सांगितले जाते. ते बाजूस ठेवले तरी कागदांचे मोल कमी होत नाही. दरबारातले चितारी एरवी राजांच्या मिरवणुका आणि देवादिकांची चित्रे काढीत. येथे चितारी बसला तो एखाद्या सामान्य रयतेच्या आजारी डोळ्यासमोर. अजिंठ्याच्या चिताऱ्याने डोळा रंगविला तो करुणा दाखविण्यासाठी. तंजावरच्या चिताऱ्याने रंगविला तो रोग ओळखता यावा म्हणून. माझ्या मते आपल्या नेत्रवैद्यकाला या दोन्ही चिताऱ्यांची गरज होती.

दुर्दैव असे की हा प्रयत्न एका माणसाच्या हौसेवर उभा होता. राजे १८३२ साली वारले आणि कागद दप्तरात बांधले गेले. त्यांच्यावरून शिकणारा शिष्यवर्ग नव्हता, पुढे चालविणारी संस्था नव्हती. मद्रासेत मात्र कंपनीने १८१९ साली काढलेले नेत्ररुग्णालय चालू राहिले, कारण ते एका माणसावर अवलंबून नव्हते. तंजावरचे कागद नेत्रवैद्यकाच्या अभ्यासकांनी जगापुढे मांडले ते या एकविसाव्या शतकात. ज्ञान आपल्याकडे नव्हते, असे म्हणणारे चुकतात. आणि सर्व होते, असे म्हणणारेही चुकतात. होते ते जोडून ठेवणारी साखळी नव्हती.

पुढील पावले झपाट्याने पडली. १८८४ साली व्हिएन्नात कार्ल कोलर याने कोकेनच्या थेंबांनी डोळा बधिर करून दाखविला. १९४९ साली लंडनमध्ये हॅरॉल्ड रिडली यांनी काढलेल्या भिंगाच्या जागी कृत्रिम भिंग बसविले. लढाऊ विमानांच्या छताचे प्लास्टिकचे कण वैमानिकांच्या डोळ्यांत गेले तरी तेथे बाधत नाहीत, हे त्यांनी महायुद्धात पाहून ठेवले होते. येथेही शोध लागला तो जखमी डोळ्यांकडे पुढे काही काळ लक्ष ठेवल्यामुळेच. आपल्या शहरात वैद्यकीय महाविद्यालय आले १९५६ साली. ज्याला सारा मराठवाडा नुसते 'घाटी' म्हणतो, त्या रुग्णालयामुळे येथील गरिबाला नेत्रचिकित्सा जवळ आली. १९७६ साली अंधत्वनियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. तरीही 'म्हातारपणी डोळे जायचेच' असे म्हणून ओट्यावर बसून राहणारी आजी आपल्या खेड्यात अजून भेटते. तिच्या नातवाला हे सांगावयास हवे, की वयाने मोतीबिंदू येतो हे खरे. पण त्यामुळे आलेले आंधळेपण सोसलेच पाहिजे असे नाही.

शेवटी पुन्हा शिबिराजाकडे वळतो. मुंबई राज्याने नेत्रपटल-रोपणाविषयी कायदा केला १९५७ साली, म्हणजे मराठवाडा त्या राज्यात आल्याच्या पुढच्याच वर्षी. आज नेत्रदानासाठी राजासारखी वेदना सोसावी लागत नाही; ते मरणानंतर करावयाचे असते. सहा तासांच्या आत डोळे काढले की पुरे. वयाची अट नाही. चष्मा असला किंवा मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झालेली असली तरी अडचण नाही. बुबुळाचे पटल दुसऱ्यास बसते आणि एकाच्या दानाने दोघांना उजेड मिळू शकतो. अडते ते एका समजुतीपाशी: डोळे दिले तर पुढच्या जन्मी आंधळेपण येईल. जातकाने या शंकेचे उत्तर केव्हाच देऊन ठेवले आहे. ज्याने डोळे दिले तोच पुढे एका जन्मी बुद्ध झाला, असे ती कथा सांगते.

सीवक वैद्याने राजाला पुन्हा पुन्हा विचारले होते. आज तो प्रश्न मरणाऱ्याला नव्हे, त्याच्या घरच्यांना विचारला जातो, आणि तोही दुःखाच्या पहिल्या तासात. त्या घाईत सुचत नाही. म्हणून उत्तर आधीच, जेवताखाताना, चार माणसांत बोलून ठेवावे. अजिंठ्याचे चित्र पुसट होत चालले आहे. आपल्या शहराने त्यातील गोष्ट मात्र पुसू देऊ नये, एवढीच विनंती करून मी आपली रजा घेतो.