श्रमातून शिक्षण आणि मेंदूच्या लहरी

सांगलीलगतच्या माधवनगरचा परिसर ज्या शैक्षणिक परंपरेला जवळचा आहे, तिचा एक उगम कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ मध्ये काले येथे स्थापन केलेल्या रयत शिक्षण संस्थेत सापडतो. १९२४ मध्ये साताऱ्यात सुरू झालेल्या तिच्या वसतिगृहात सर्व जातिधर्मांची मुले एकत्र राहत आणि स्वतःच्या श्रमाने शिकत. योगायोगाने त्याच वर्षी दूर जर्मनीत हान्स बर्गर यांनी मानवी मेंदूचा विद्युतआलेख, म्हणजे मेंदूतील क्षीण विद्युतलहरींची नोंद, प्रथम टिपला. व्होल्टच्या दशलक्षांशांत मोजाव्या लागणाऱ्या या लहरी वाढवून गोंगाटापासून वेगळ्या करणे हे अभियांत्रिकीचे काम असल्याने, १९४७ मध्ये सांगलीत अभियांत्रिकी महाविद्यालय निघाल्यावर या भागात अशा विद्येचा पाया उपलब्ध झाला. त्या वसतिगृहातले श्रमातून, प्रत्यक्ष करून शिकण्याचे जुने तत्त्व या विद्येलाही तितकेच लागू पडते.