चौकट आणि चित्र

भिंतीवरच्या चौकटींत मावत नाहीं म्हणून एखाद्या चित्राच्या दोन्ही बाजू कातरून टाकणाऱ्यास आपण अरसिक म्हणूं. परंतु बोलपटांच्या बाबतींत हेंच कृत्य कित्येक दशकें राजरोस चाललें होतें.

मूकपटांच्या काळापासून पडद्याची रुंदी व उंची यांचें प्रमाण सुमारें चारास तीन असें असे. दूरचित्रवाणीनें तेंच उचललें. पुढें घरबसल्या करमणूक मिळूं लागल्यानें अमेरिकेंतील चित्रगृहें ओस पडूं लागलीं. तेव्हां प्रेक्षकांस परत खेंचण्यासाठीं ट्वेंटिएथ सेंच्युरी-फॉक्स कंपनीनें १९५३ सालीं ‘द रोब’ हा बोलपट सिनेमास्कोप पद्धतीनें दाखविला. आन्री क्रेतियां या फ्रेंच शास्त्रज्ञाच्या भिंगामुळें विस्तृत दृश्य फितीवर आंखडून घेतां येई व पडद्यावर पुन्हां पसरवितां येई. पडद्याची रुंदी उंचीच्या सुमारें अडीचपट झाली.

दैवदुर्विलास असा कीं, जिच्याशीं झुंजण्यासाठीं हा विस्तार झाला, त्या दूरचित्रवाणीच्याच दारीं हे बोलपट गेले. १९६१ च्या सप्टेंबरांत एन्. बी. सी. या संस्थेनें ‘हाउ टू मॅरी अ मिलिअनेअर’ दाखवून शनिवारच्या बोलपटमालेस आरंभ केला. असा बोलपट चौकोनी पडदा भरून दाखवावयाचा, तर जवळजवळ निम्में चित्र गाळावें लागे. पात्रें दोन टोकांस बसून बोलत असलीं, तर एक दिसे व दुसरें नुसतें ऐकूं येई. नाहीं तर छायालेखकानें कधींच न केलेली हालचाल करून चौकट एकाकडून दुसऱ्याकडे सरके. ही निवड करणारा तंत्रज्ञ निनावी असे. पण प्रेक्षकानें काय पाहावें, हें दिग्दर्शकाऐवजीं तोच ठरवी.

कडेला असतें तें निरुपयोगी, ही समजूतच या कातरणीच्या मुळाशीं होती. गुरुदत्त यांचा ‘कागज के फूल’ (१९५९) हा आपल्याकडील पहिला सिनेमास्कोप बोलपट. त्यांत विशाल, रिकाम्या स्टुडिओंत उभा असलेला एकटा दिग्दर्शक पाहावा. भोंवतालची ती पोकळी छाटली, कीं माणूस उरतो, पण त्याचा एकाकीपणा नाहींसा होतो.

आतां पडदा सोळास नऊ या प्रमाणाचा झाला आहे. तेव्हां कांहीं वेळां जुन्या चौकोनी बोलपटांचेच माथे व पाय छाटले जातात. यंत्र बदललें, कातर मात्र तीच राहिली. चित्र पूर्ण दाखवावयाचें तर वरखालीं किंवा दोन्ही बाजूंस काळे पट्टे राहतात, आणि ते डोळ्यांस प्रथम खटकतात, हें खरें. परंतु कलाकृति आपल्या चौकटीच्या मापानें बेतण्यापेक्षां चौकटीची थोडी जागा रिकामी ठेवणें, हें रसिकतेसाठीं मोजावें लागणारें मोल कांहीं फार नव्हे.