बाळागोळी आणि गिरणीचा भोंगा

मूल खुरटले, की पहिला ठपका आईवर ठेवायचा ही आपली जुनी रीत आहे. घराणे कसले, वळण कसले, याची चौकशी होते; घरात खोल्या किती होत्या आणि आई किती तास बाहेर राबत होती, हे कोणी विचारीत नाही. मुंबईच्या गिरणगावाचा इतिहास या बाबतीत डोळे उघडणारा आहे.

१९२२ साली डॉ. बार्न्स या बाईंनी मुंबई सरकारसाठी गिरणी-कामगार बाळंतिणींची पाहणी केली. या बायकांच्या तान्ह्या मुलांपैकी शेकडा ९८ मुलांना अफू दिली जाते, असे त्यांनी नमूद केले. हीच ती बाळागोळी. अफूने मूल गुंगते, त्याची भूक मरते, ते दूध ओढीत नाही. मेंदू ज्या काळात सर्वांत झपाट्याने वाढतो, तोच काळ उपासात जातो.

सुखवस्तू लोकांनी याला अडाणीपणा म्हटले. अडाणीपणा होताच. पण १९२२ च्या फॅक्टरी कायद्यानेही दिवसाला ११ तास काम घेता येत होते. भोंगा झाला, की वाइंडिंग-रीलिंग खात्यात हजर व्हायचे. खाडा झाला, की मजुरी बुडायची. मूल कोणाच्या ओटीत टाकायचे? रडते मूल निजवून जाण्याखेरीज त्या आईपुढे दुसरी वाट नव्हती.

१९२१ चे आकडे पाहा. एका खोलीत किंवा तिच्या भागात राहणाऱ्यांत नोंदलेल्या दर हजार जन्मांमागे ८२८ अर्भके दगावली. चार वा अधिक खोल्यांच्या घरांत १३३. पहिला आकडा फुगलेला आहे, हेही सांगितले पाहिजे. बायका बाळंतपणाला गावी जात. जन्म तिकडे होई, मरण मुंबईत नोंदले जाई. तरी एवढी मोठी दरी केवळ नोंदवहीने पडत नाही. आईची माया काही खोल्यांच्या संख्येप्रमाणे कमीजास्त होत नाही.

ना. म. जोशी यांनी १९२४ साली मध्यवर्ती कायदेमंडळात प्रसूतिभत्त्याचे विधेयक आणले; ते फेटाळले गेले. १९२८ साली मुंबई कौन्सिलात डॉ. आंबेडकरांनी अशाच विधेयकाला पाठिंबा दिला. आईला विश्रांती मिळणे हे राष्ट्रहिताचे आहे आणि हा भार बऱ्याच अंशी सरकारने उचलावा, असे त्यांचे म्हणणे होते. १९२९ चा मुंबईचा कायदा झाला, पण पैसे भरायचे मालकाने. पुढे गिरण्यांत बायका कमी होत गेल्या. रात्रपाळीची बंदी, नवी यंत्रे अशी कारणे होती. त्यांत बाळंतपणाचा खर्च टाळणे हेही एक होते.

प्रसूतिरजा १९६१ च्या कायद्याने १२ आठवड्यांची आणि २०१७ च्या दुरुस्तीने २६ आठवड्यांची झाली. ही संघटित कामगारांची कमाई आहे. पण उसाच्या फडात, वीटभट्टीवर, परक्याच्या घरी भांडी घासताना ही रजा कोणाकडे मागायची? तिथल्या मुलाचे काही बिघडले, तर आईला शहाणपण शिकवण्यापूर्वी तिच्या कामाचे तास मोजावेत.