बिनायक सेन : सुटकेच्या मोहिमेची चार वर्षे

छत्तीसगडमधील बालरोगतज्ज्ञ डॉ. बिनायक सेन यांना १४ मे २००७ रोजी बिलासपूर येथे अटक झाली. त्या दिवसापासून एप्रिल २०११ पर्यंत त्यांच्या सुटकेसाठी जी मोहीम चालली, ती मानवी हक्क कार्यकर्त्यासाठी भारतात उभ्या राहिलेल्या सर्वांत व्यापक मोहिमांपैकी एक होय.

वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात शिकलेले सेन कामगारनेते शंकर गुहा नियोगी यांच्या चळवळीत आले. दल्ली राजहरा येथे खाणकामगारांनी स्वतः उभारलेल्या शहीद रुग्णालयाच्या जडणघडणीत त्यांचा वाटा होता. पुढे जयप्रकाश नारायण यांच्या पुढाकाराने १९७६ मध्ये स्थापन झालेल्या ‘पीपल्स युनियन फॉर सिव्हिल लिबर्टीज’ (पीयूसीएल) या संघटनेचे ते राष्ट्रीय उपाध्यक्ष झाले. बस्तर भागात २००५ मध्ये ‘सलवा जुडूम’ सुरू झाले, तेव्हा गावेच्या गावे उठवून छावण्यांत आणली जात असल्याचे पीयूसीएलने प्रथमपासून मांडले. राज्यात सत्ता भाजपची, तर जुडूमचे नेतृत्व काँग्रेसचे महेंद्र कर्मा यांच्याकडे! त्यामुळे सेन यांची बाजू घेण्यास प्रमुख पक्षांपैकी कोणी उरले नव्हते.

रायपूरच्या तुरुंगातील वृद्ध माओवादी नेते नारायण सान्याल यांची पत्रे बाहेर पोहोचविली, हा सेन यांच्यावरील मुख्य आरोप. सेन सान्याल यांना ३३ वेळा भेटले होते. परंतु या भेटी तुरुंग प्रशासनाच्या परवानगीने झाल्या होत्या. छत्तीसगड विशेष जनसुरक्षा कायदा, २००५ आणि बेकायदा कृत्ये प्रतिबंधक कायदा ही कलमे लागल्याने जामीन दुरापास्त झाला. सर्वोच्च न्यायालयाने अर्ज फेटाळला तो १० डिसेंबर २००७ रोजी, म्हणजे नेमका मानवी हक्क दिनी.

मोहिमेचा कणा डॉक्टरांचा होता. वेल्लोरचे माजी विद्यार्थी, तसेच सेवाग्राम-पुण्याशी जुने नाते असलेले ‘मेडिको फ्रेंड सर्कल’ पुढे सरसावले. २००८ मध्ये जागतिक आरोग्य व मानवी हक्कांसाठीचा जोनाथन मान पुरस्कार तुरुंगातील सेन यांना जाहीर झाला. तो स्वीकारण्यासाठी त्यांना जाऊ द्यावे, असे आवाहन २२ नोबेल विजेत्यांनी केले. सरकारने ते मानले नाही. मार्च २००९ पासून दर सोमवारी रायपुरात सत्याग्रह सुरू झाला. देशभरातील लोक तेथे येऊन स्वतःला अटक करवून घेत. अखेर २५ मे २००९ रोजी न्या. मार्कंडेय काटजू यांच्या खंडपीठाने काही मिनिटांतच जामीन दिला. तोवर सेन यांना तुरुंगात दोन वर्षे उलटून गेली होती.

खरा धक्का पुढे होता. २४ डिसेंबर २०१० रोजी रायपूरच्या सत्र न्यायालयाने राजद्रोहाबद्दल जन्मठेप ठोठावली. पुरावा किती ओढूनताणून आणला होता, याचे एक उदाहरण पुरेसे आहे. सेन यांच्या पत्नी इलिना यांनी दिल्लीच्या इंडियन सोशल इन्स्टिट्यूटमधील एका अभ्यासकाला पाठविलेल्या ई-मेलचा आधार घेत, संस्थेच्या ‘आयएसआय’ या आद्याक्षरांवरून सरकारी पक्षाने पाकिस्तानी गुप्तहेर संघटनेकडे बोट दाखविले होते. इलिना तेव्हा वर्ध्याच्या महात्मा गांधी आंतरराष्ट्रीय हिंदी विश्वविद्यालयात अध्यापन करीत. तेथील काम आणि रायपूरचा तुरुंग व न्यायालय असा दुहेरी संसार त्यांनी सांभाळला. २०२० मध्ये त्यांचे निधन झाले.

निकालानंतर ४० नोबेल विजेत्यांनी पुन्हा आवाज उठविला. उच्च न्यायालयाने जामीन नाकारला. सर्वोच्च न्यायालयाने मात्र १५ एप्रिल २०११ रोजी तो मंजूर केला. न्या. एच. एस. बेदी आणि न्या. सी. के. प्रसाद यांचा रोख स्पष्ट होता : नक्षलवादी साहित्य जवळ सापडले म्हणून कोणी राजद्रोही ठरत नाही, जसे गांधींचे पुस्तक बाळगणारा आपोआप गांधीवादी होत नाही. पुढच्याच महिन्यात नियोजन आयोगाने आरोग्यविषयक समितीवर सेन यांची नेमणूक केली. शिक्षा त्या आदेशाने रद्द झाली नव्हती, केवळ जामीन मिळाला होता.

मोहिमेची एक उणीव मात्र नोंदवायला हवी. ‘गरिबांचा डॉक्टर’ ही प्रतिमा प्रभावी ठरली, पण ती एकट्या सेन यांनाच लाभली. त्याच खटल्यात कोलकात्याच्या एका व्यापाऱ्यालाही जन्मठेप झाली. त्याच्यामागे ना कॉलेजचे मित्र होते, ना पुरस्कार. त्याचे नाव फलकांवर क्वचितच दिसले. पुरावा दोघांविरुद्ध एकाच साखळीतला होता. आरोपीच्या पुण्याईचा दाखला देणे सोपे असते. पुराव्याच्या दर्जाबद्दल बोलणे किचकट. वृत्तपत्रांनीही सोपा मार्गच अधिक पत्करला.

राजद्रोहाच्या कलम १२४ अ ला सर्वोच्च न्यायालयाने मे २०२२ मध्ये स्थगिती दिली. १ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहिताच गेली. भारतीय न्याय संहितेत कलम १५२ आले. छत्तीसगडच्या पीयूसीएलमध्ये काम केलेल्या वकील सुधा भारद्वाज यांना २०१८ मध्ये पुणे पोलिसांनी एल्गार परिषद प्रकरणात अटक केली. भायखळ्याच्या तुरुंगातून त्या जामिनावर सुटल्या डिसेंबर २०२१ मध्ये.