संगणकशास्त्र विभागाचा सूचनाफलक : वाचावा कसा, समजून घ्यावा कसा

विद्यापीठातील प्रत्येक विभागाच्या दारात एक सूचनाफलक असतो. पूर्वी त्यावर टाचणीने कागद लावले जात, आता त्याच सूचना संकेतस्थळावर आणि मोबाइलवरही येतात. संगणकशास्त्र विभागाचा फलक मात्र बाहेरच्या वाचकाला काहीसा दुर्बोध वाटतो. ‘शोधनिबंध स्वीकृत’, ‘निमंत्रित व्याख्यान’, ‘खुली मौखिक परीक्षा’, ‘प्रादेशिक फेरीसाठी संघनिवड’ अशा सूचनांचा नेमका अर्थ काय, त्यांतली कोणती सूचना आपल्यासाठी आहे आणि कोणती नाही, हे पालकांना सोडाच, पुष्कळदा पदवीच्या विद्यार्थ्यांनाही उमगत नाही. एखादी सूचना महिनाभर उशिरा वाचली गेल्यामुळे वर्ष वाया गेल्याची उदाहरणे घरोघरी सापडतील.

गोव्यासारख्या लहान राज्यात ही माहिती अधिकच उपयोगी आहे. ताळगाव पठारावर गोवा विद्यापीठ आहे. फर्मागुढीला १९६७ पासूनचे गोवा अभियांत्रिकी महाविद्यालय आहे आणि त्याच्याच परिसरात २०१६ पासून आयआयटी चालते. झुआरीनगरला २००४ पासून बिट्स पिलानीचे संकुल आहे. २०१० मध्ये स्थापन झालेली एनआयटी आता कुंकळ्ळीच्या स्वतःच्या संकुलात गेली आहे. राज्याच्या कोणत्याही टोकाहून सकाळी निघालेला विद्यार्थी यांपैकी कोठलेही व्याख्यान ऐकून संध्याकाळी घरी परतू शकतो. मोठ्या राज्यांतील विद्यार्थ्यांना ही सोय नाही.

विभाग कसा जन्मला

संगणकशास्त्र हा स्वतंत्र विषय म्हणून विद्यापीठांत फार जुना नाही. इंग्लंडमधील केंब्रिज विद्यापीठाच्या गणितीय प्रयोगशाळेत मॉरिस विल्क्स यांच्या नेतृत्वाखाली उभारलेल्या ‘एडसॅक’ या यंत्राने ६ मे १९४९ रोजी आपली पहिली आज्ञावली चालवली. त्याच प्रयोगशाळेने १९५३ मध्ये संगणनाचा पदविका अभ्यासक्रम सुरू केला. अमेरिकेत पर्ड्यू विद्यापीठाने १९६२ मध्ये संगणकशास्त्राचा स्वतंत्र विभाग स्थापन केला आणि त्या देशातील तो असा पहिला विभाग मानला जातो. भारतात १९६३ मध्ये आयआयटी कानपूर येथे ‘आयबीएम १६२०’ हा संगणक आला आणि अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना संगणन शिकवण्याची परंपरा तेथे रुजली. गोवा विद्यापीठाचे कामकाजच १९८५ मध्ये सुरू झाले. म्हणजे केंब्रिजच्या त्या पहिल्या आज्ञावलीनंतर ३६ वर्षांनी.

विषय तरुण असल्यामुळे त्याच्या रीतिभातीही इतर शास्त्रांहून वेगळ्या आहेत. सूचनाफलक वाचताना हा फरक ध्यानात ठेवावा लागतो.

व्याख्यान आणि चर्चासत्र

फलकावर सर्वाधिक आढळते ती व्याख्यानाची सूचना. तिचे ढोबळमानाने दोन प्रकार पडतात. विभागातील संशोधक एखाद्या अरुंद विषयावर, त्याच क्षेत्रातील मंडळींसमोर बोलतात, ते चर्चासत्र. पाहुणे अभ्यासक संपूर्ण विभागाला समजेल अशा भाषेत आपल्या क्षेत्राचा आढावा घेतात, ते सर्वसाधारण व्याख्यान. पदवीच्या पहिल्या-दुसऱ्या वर्षातील विद्यार्थ्याने दुसऱ्या प्रकारापासून सुरुवात करावी. सूचनेखाली व्याख्यानाचा दहा-बारा ओळींचा सारांश असतो. त्यातील पहिला परिच्छेद समजला, तरी जाण्यास हरकत नाही. व्याख्यानातील सर्व काही कळलेच पाहिजे, अशी अपेक्षा तेथे प्राध्यापकांकडूनही नसते.

विभागातील साधी वाटणारी बातमी किती दूर जाऊ शकते, याचे भारतीय उदाहरण ऑगस्ट २००२ चे आहे. आयआयटी कानपूरच्या संगणकशास्त्र विभागातील प्राध्यापक मणींद्र अग्रवाल आणि नुकतीच बी.टेक. पदवी पूर्ण केलेले नीरज कयाल व नितीन सक्सेना यांनी एक शोधनिबंध जाहीर केला. दिलेली संख्या मूळ संख्या आहे की नाही, हे ओळखण्याची रीत त्यात होती. शंभर अंकी संख्येला एकामागून एक भाजक लावून पाहायचे ठरवले, तर विश्वाचे आजवरचे आयुष्यही अपुरे पडेल. त्यापूर्वी वापरात असलेल्या जलद रीतींपैकी काही संभाव्यतेवर अवलंबून होत्या, तर काही सिद्ध न झालेल्या गृहीतकांवर. निश्चित उत्तर देणारी आणि संख्येचे अंक वाढले तरी आवाक्यात राहणारी रीत प्रथमच सापडली होती. काही दिवसांतच जगभरच्या वृत्तपत्रांनी तिची दखल घेतली. २००४ मध्ये तो निबंध ‘अ‍ॅनल्स ऑफ मॅथेमॅटिक्स’मध्ये प्रसिद्ध झाला आणि २००६ मध्ये तिघांना गोडेल पारितोषिक मिळाले. या कामात पदवीच्या विद्यार्थ्यांचा बरोबरीचा वाटा होता, ही गोष्ट आपल्या विद्यार्थ्यांनी विसरू नये.

‘शोधनिबंध स्वीकृत’ म्हणजे काय

बहुतेक शास्त्रांत नियतकालिकातील निबंधाला सर्वोच्च मान असतो. संगणकशास्त्रात मात्र निवडक परिषदांतील निबंधाला तेवढेच, किंबहुना अनेक उपशाखांत अधिक वजन आहे. आजच्या संभाषण करणाऱ्या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या मुळाशी असलेली ‘ट्रान्स्फॉर्मर’ ही रचना २०१७ मध्ये अशाच एका वार्षिक परिषदेत मांडली गेली. भारतात सैद्धांतिक संगणकशास्त्राची ‘एफएसटीटीसीएस’ ही परिषद १९८१ पासून भरत आली असून ती साधारणतः डिसेंबरात होते.

चांगल्या परिषदेत प्रत्येक निबंध त्या विषयातील तीन-चार जाणकार तपासतात आणि आलेल्यांपैकी बरेच निबंध परत पाठवले जातात. परंतु परिषद या शब्दाचा आधार घेऊन केवळ शुल्क गोळा करणारेही आहेत. २००५ मध्ये अमेरिकेतील एमआयटीच्या तीन विद्यार्थ्यांनी एक आज्ञावली लिहिली. ती संगणकशास्त्रातील भारदस्त शब्द व्याकरणशुद्ध वाक्यांत गुंफून अर्थशून्य निबंध तयार करीत असे. असा एक निबंध त्यांनी एका परिषदेकडे पाठवला आणि तो स्वीकारला गेला. विनोदाने केलेल्या या प्रयोगाने एक गंभीर दुखणे उघडे पाडले. म्हणून ‘आंतरराष्ट्रीय परिषदेत निबंध’ अशी सूचना वाचली की परिषद कोणाची, निबंध कोणी तपासला आणि शुल्क कशाचे, हे तीन प्रश्न विचारावेत. निबंध छापून देण्याच्या आमिषाने पैसे मागणाऱ्यांपासून विद्यार्थ्यांनी दूर राहावे. तसे नाव पुढे अभिमानाऐवजी अडचणीचे ठरते.

पीएचडीची मौखिक परीक्षा

‘अमुक यांच्या प्रबंधाची मौखिक परीक्षा, सर्वांनी उपस्थित राहावे’ या सूचनेकडे सहसा दुर्लक्ष होते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमावलीनुसार पीएचडीसाठी किमान तीन व कमाल सहा वर्षांचा कालावधी असून महिला आणि दिव्यांग संशोधकांना त्यात दोन वर्षांपर्यंत सवलत आहे. प्रबंध मार्गदर्शकाबरोबरच किमान दोन बाह्य परीक्षक तपासतात. त्यानंतरची मौखिक परीक्षा प्राध्यापक, संशोधक आणि विद्यार्थ्यांना खुली असते.

संशोधन म्हणजे काय, हे शिकण्याचा याहून सोपा मार्ग नाही. तीन-चार वर्षांचे काम उमेदवार अर्ध्या-पाऊण तासात मांडतो आणि परीक्षक त्यातील कच्चे दुवे शोधतात. आपल्या मोजमापात चूक कोठे असू शकते, हे प्रामाणिकपणे सांगणारा उमेदवार तेथे अधिक मान मिळवतो. पदव्युत्तर विद्यार्थ्याने वर्षातून दोन तरी मौखिक परीक्षा पाहाव्यात.

स्पर्धा

फलकावरील तिसरा मोठा गट स्पर्धांचा. विद्यापीठीय आज्ञावली-लेखनातील सर्वांत जुनी आणि प्रतिष्ठेची स्पर्धा ‘आयसीपीसी’ होय. तिचे मूळ १९७० मध्ये अमेरिकेतील टेक्सास ए अँड एम विद्यापीठात झालेल्या स्पर्धेत आहे आणि १९७७ पासून तिची अंतिम फेरी होऊ लागली. प्रत्येक संघात तीन विद्यार्थी, तिघांत मिळून एकच संगणक आणि वेळ पाच तास असे तिचे स्वरूप आहे. संगणक एकच असल्याने कळफलकावर कोणी बसायचे, कागदावर विचार कोणी करायचा आणि चूक कोणी शोधायची, हे संघाला आधी ठरवावे लागते. एकट्याने हुशार असणे तेथे पुरेसे पडत नाही.

हॅकेथॉन हा प्रकार निराळा. त्यात दिलेल्या व्यावहारिक प्रश्नावर ठरावीक तासांत चालते नमुनारूप तयार करावे लागते. केंद्र सरकारचे ‘स्मार्ट इंडिया हॅकेथॉन’ २०१७ पासून होत आहे. पहिल्या प्रकारात गणिती विचाराचा कस लागतो, तर दुसऱ्यात प्रश्न समजून घेण्याचा आणि तो मांडण्याचा. विद्यार्थ्याने आपला कल पाहून निवड करावी. दोन्हींची प्रमाणपत्रे एकाच मापाने मोजू नयेत.

प्रवेशाचे वर्ष

प्रवेशविषयक सूचनांना मात्र उशीर परवडत नाही. पदव्युत्तर अभियांत्रिकीसाठीची ‘गेट’ परीक्षा दरवर्षी फेब्रुवारीच्या सुमारास होते, पण तिचे अर्ज आदल्या वर्षाच्या ऑगस्ट-सप्टेंबरात, म्हणजे चतुर्थीच्या धामधुमीत भरले जातात. आपल्याकडील अनेकांची संधी नेमकी येथेच हुकते. तीन तास, ६५ प्रश्न आणि १०० गुण असे तिचे स्वरूप असून गुणांकन तीन वर्षे ग्राह्य धरले जाते. संगणकशास्त्राच्या जोडीला २०२४ पासून विदाशास्त्र आणि कृत्रिम बुद्धिमत्ता ही स्वतंत्र प्रश्नपत्रिकाही आहे. गेटच्या आधारे एम.टेक.ला प्रवेश घेणाऱ्यास दरमहा १२,४०० रुपये विद्यावेतन मिळू शकते.

‘नेट’ ही परीक्षा वर्षातून दोनदा होते. अध्यापनाच्या पात्रतेबरोबरच २०२४ पासून तिचे गुण पीएचडी प्रवेशासाठीही धरले जातात. कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्ती मिळवणाऱ्यास पहिली दोन वर्षे दरमहा ३७,००० रुपये मिळतात. घरची परिस्थिती बेताची असल्यामुळे संशोधनाचा विचार सोडून देणाऱ्या विद्यार्थ्यांनी हे आकडे अवश्य लक्षात ठेवावेत.

भाषेची कामे

संगणकशास्त्र विभागातील बातम्या आपल्या भाषांनाही स्पर्श करतात. अमेरिकेतील प्रिन्स्टन विद्यापीठात १९८५ मध्ये ‘वर्डनेट’ या इंग्रजी शब्दजालाचे काम सुरू झाले. त्यात समानार्थी शब्दांचे संच करून त्यांची परस्परांशी असलेली नाती नोंदवली जातात. आयआयटी मुंबईत हिंदीचे आणि मराठीचे, तर गोवा विद्यापीठात कोंकणीचे शब्दजाल तयार झाले. हिंदीतील संच आधाराला घेऊन त्यांस समांतर संच अन्य भारतीय भाषांत रचण्याची पद्धत यासाठी वापरली गेली.

या कामाचे मोल एका शब्दावरून कळेल. मराठीत आपण ‘पाणी’ पितो आणि ‘उदक’ हा शब्द पूजाविधीसाठी व काव्यासाठी राखून ठेवतो. कोंकणीत ‘उदक’ हाच रोजचा शब्द आहे. दोन्ही भाषा देवनागरीत लिहिल्या जात असल्याने यंत्राला अक्षरे सारखी दिसतात, परंतु शब्दांचे वजन सारखे नसते. हा फरक कोणीतरी बसून, शब्दामागून शब्द घेऊन नोंदवावा लागतो. ते काम भाषा जाणणारा आणि संगणक जाणणारा, अशा दोघांनी मिळूनच होते. विभागाच्या फलकावर ‘भाषातज्ज्ञ सहायक हवेत’ अशी सूचना दिसली, तर मराठी-कोंकणीच्या पदवीधरांनी ती आपल्यासाठी नाही असे समजून पुढे जाऊ नये.

हलक्याफुलक्या सूचना

फलकावर सर्वच काही गंभीर नसते. अमेरिकेतील कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या संगणकशास्त्र विभागात १९८२ मध्येच संगणकीय सूचनाफलक होता. लिफ्टमध्ये पारा सांडल्याचा एक विनोदी इशारा त्यावर झळकला आणि काहींनी तो खरा मानला. तेव्हा स्कॉट फालमन यांनी १९ सप्टेंबर १९८२ रोजी सुचवले की, विनोदापुढे अपूर्णविराम, संयोगचिन्ह आणि बंद होणारा कंस अशी तीन चिन्हे टाकावीत. आडवे पाहिल्यास तो हसरा चेहरा दिसतो. केंब्रिजच्या संशोधकांनी १९९१ मध्ये कॉफीच्या भांड्यावर कॅमेरा रोखला, तो केवळ भांडे रिकामे आहे की भरलेले हे जागेवरून न उठता कळावे म्हणून. १९९३ मध्ये ते चित्र इंटरनेटवर आले आणि जगभरचे लोक ते भांडे पाहू लागले. कॅमेरा बंद झाला तो ऑगस्ट २००१ मध्ये.

वाचकासाठी चार प्रश्न

कोणतीही सूचना वाचताना चार गोष्टी पाहाव्यात. हा कार्यक्रम कोणासाठी आहे, विभागापुरता की सर्वांस खुला? नोंदणी लागते का आणि तिची अंतिम तारीख कोणती? बोलणारा किंवा आयोजक कोण, आणि त्याचे आधीचे काम कोठे वाचता येईल? शुल्क असल्यास ते कशासाठी? यांपैकी एखाद्याचे उत्तर सूचनेत नसेल, तर विभागाच्या कार्यालयात विचारावे. विचारणाऱ्याला उत्तर देणे हे त्या कार्यालयाचे कामच आहे.

वैज्ञानिक व्याख्यानाच्या सभागृहात मागच्या रांगेतील खुर्च्या बहुधा रिकाम्या असतात. त्या बाहेरच्या माणसासाठी नाहीत, असा समज आपणच करून घेतलेला असतो. खुल्या व्याख्यानाला बारावीतील मुलगी गेली किंवा निवृत्त शिक्षक गेले, तर त्यांना कोणी उठवत नाही. पुढच्या आठवड्यात आपल्या जवळच्या संस्थेच्या फलकावर काय लागले आहे, ते एकदा पाहून यावे.